शब्द आपला कसा होतो?

प्रत्येक पाठाच्या शेवटी कठीण शब्दांचे अर्थ दिलेले असतात. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात, पाच-पाच वेळा लिहितात, घोकतात आणि परीक्षेच्या दिवशी उत्तरपत्रिकेवर ठेवून घरी येतात. पुढे पंधरा दिवसांनी त्यांतील एखादा शब्द विचारला, तर मुलगा आढ्याकडे पाहू लागतो. "परवापर्यंत पाठ होता," असे तो म्हणतो, आणि ते खरेही असते. अशा मुलाला आपण आळशी ठरवतो व 'पालथ्या घड्यावर पाणी' एवढे म्हणून मोकळे होतो. परंतु घडा पालथा असेल, तर तो दोष घड्याचा नव्हे. ज्याने तो तसा मांडून ठेवला, त्याचा होय.

हाच मुलगा घरी शब्द कसे शिकतो ते पाहा. महाडच्या मुलाला 'ओसरणे' या क्रियापदाचा अर्थ कोणी फळ्यावर लिहून दिलेला नसतो. ऐन पावसाळ्यात सावित्री फुगते, तिला मिळणाऱ्या गांधारीचे पाणी तुंबते, खालून समुद्राच्या भरतीचा जोर असला तर ते लवकर निघूनही जात नाही, आणि पाहता पाहता ते बाजारपेठेत शिरते. घरातील वडील माणसे जिन्यात उभी राहून विचारतात, "चढतंय की ओसरतंय?" कोणी पायऱ्या मोजून सांगतो, "दोन पायऱ्या ओसरलं." त्या उत्तरावर धान्य माळ्यावर चढवायचे की नाही, हे ठरायचे असते. मुलाने तो शब्द एकदा ऐकलेला असतो, दुसऱ्यांदा विचारलेला असतो आणि तिसऱ्यांदा त्यानेच जिन्यातून ओरडून सांगितलेला असतो. मग पुढे केव्हातरी पुस्तकात 'गर्दी ओसरली' किंवा 'त्यांचा राग ओसरला' असे वाक्य आले, तर त्याला अर्थ शोधावा लागत नाही. पाणी उतरताना त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. राग तसाच उतरला असेल, हे तो आपोआप जाणतो.

शब्द ओळखणे आणि शब्द आपला होणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाचे नाव ठाऊक असणे म्हणजे त्याच्याशी घरोबा असणे नव्हे. जो शब्द आपण गरजेच्या वेळी, योग्य जागी, न अडखळता वापरू शकतो, तोच आपला. आणि असा वापर होण्यासाठी कोणीतरी विचारणारा आणि कोणीतरी उत्तर देणारा लागतो. ज्या वर्गात गुरुजी एकटेच बोलतात आणि चाळीस मुले ऐकतात, तेथे शब्द वापरण्याचा सराव फक्त गुरुजींना होतो!

स्मरणशक्तीचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्यांत हर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडिताचे नाव अग्रगण्य आहे. त्याने स्वतःवरच प्रयोग केले. ज्यांना काहीच अर्थ नाही अशा अक्षरांच्या लांबच लांब मालिका त्याने पाठ केल्या आणि किती वेळाने त्यांतील किती विसरल्या, याची नोंद ठेवली. १८८५ साली त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाठ केलेले आपण सर्वाधिक विसरतो ते पहिल्या काही तासांत. त्यानंतर विसरण्याचा वेग मंदावतो. एकाच बैठकीत केलेल्या घोकंपट्टीपेक्षा मध्ये दिवस सोडून केलेली उजळणी अधिक टिकते, हेही त्याला आढळले. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याची आणखी एक नोंद महत्त्वाची आहे. अर्थ असलेली कविता पाठ करण्यास त्याला निरर्थक अक्षरांच्या मानाने सुमारे एक दशांश श्रम पुरले. ज्या शब्दाचा अर्थ मुलाच्या मनात उमटलेला नाही, तो शब्द त्याच्या लेखी त्या निरर्थक अक्षरांसारखाच असतो. तो घोकण्यास दहापट श्रम पडतात आणि विसरण्यास काहीच पडत नाहीत.

शब्द शिकवायचे म्हणजे ते कोणत्या क्रमाने शिकवायचे, हा प्रश्न नवा नाही. महाडपासून सुमारे २५ किलोमीटरांवर रायगड आहे. ६ जून १६७४ रोजी तेथे शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्या काळी राज्यकारभाराच्या भाषेत फारसी व अरबी शब्दांचा मोठा भरणा होता. त्यांना संस्कृत पर्याय सुचवणारा 'राज्यव्यवहारकोश' महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी सिद्ध केला. त्यात सुमारे १,४०० शब्द आहेत. आजच्या शब्दकोशाप्रमाणे ते अकारविल्हे लावलेले नाहीत. त्यांचे दहा वर्ग पाडले आहेत. किल्ल्यासंबंधीचे शब्द दुर्गवर्गात, हत्यारांचे शस्त्रवर्गात, लिहिण्याच्या कामाचे लेखनवर्गात, बाजारातील मालाचे पण्यवर्गात. आपल्याकडे अमरकोशापासून ही पद्धत चालत आली होती, आणि तिच्यात मोठे शहाणपण आहे. मनुष्याला शब्द आठवतात ते वर्णमालेच्या क्रमाने नव्हे; स्वयंपाकघरातील शब्द स्वयंपाकघरात आठवतात आणि शेतातील शेतात. 

या कोशातून व त्या काळच्या नामांतरातून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांची पदनामे बदलली. सुरनिसाचा सचिव झाला, वाकनिसाचा मंत्री झाला, सरनौबताचा सेनापती झाला. हे शब्द आजही आपल्या नित्य वापरात आहेत. परंतु पेशव्याचा 'मुख्य प्रधान' झाला, तो मात्र कागदावरच राहिला. लोकांनी 'पेशवा' सोडला नाही, इतकेच नव्हे, तर पुढील शतकाचे नावच 'पेशवाई' पडले. तसेच 'पण्य' हा शब्द आज किती जणांच्या तोंडी आहे? 'बाजार' मात्र सर्वांच्या तोंडी आहे. छत्रपतींच्या आज्ञेनेही जे साधले नाही, ते छडीच्या धाकाने वर्गात कसे साधेल? शब्द जगतो तो माणसांच्या जिभेवर. ती जीभ वर्गात चालू झाली पाहिजे.

हे कसे करावे, हे पाहण्यासाठी महाड किंवा पोलादपूरच्या बाजूच्या एखाद्या खेड्यातील सातवीचा वर्ग आपण डोळ्यांपुढे आणू. जुलैचा महिना आहे. खाचरांतून लावणी चालू आहे. गुरुजींनी आदल्या दिवशी सांगितले होते, "उद्याचे शब्द मी आणणार नाही, तुम्ही आणायचे. प्रत्येकाने घरातील किंवा शेतातील एक वस्तू आणावी. पण तिचे नाव कोणाला सांगायचे नाही."

वर्गात विळा आला, सूप आले, घोंगडी आली. एकाने ओल्या पिशवीतून हिरव्या रोपांची जुडी आणली. एक मुलगी पाठीवर इरले घेऊनच आली होती. ते दाराच्या चौकटीत अडकले, तेव्हा सगळे हसले आणि तीही हसली. नियम सोपा होता. वस्तू आणणाऱ्याने गप्प राहायचे. इतरांनी त्या वस्तूविषयी पाच प्रश्न विचारायचे. मग ज्याने ती आणली त्याने उत्तरे द्यायची आणि शेवटी नाव सांगून एक वाक्य बोलायचे.

"हे कशाचे केले आहे?"

"बांबूच्या कामट्यांचे. वरून पाने लावलीत."

"हे डोक्यावर घ्यायचे की पाठीवर?"

"दोन्हीवर. वाकून लावणी करताना पाठ कोरडी राहते, आणि हात मोकळे राहतात."

"मग छत्री का घेत नाहीत?"

"छत्री धरली तर लावणी कोण करणार?"

गुरुजी म्हणाले, "बाळ, तुझे शेवटचे उत्तर मी फळ्यावर लिहितो. इरले म्हणजे काय, याचा इतका चांगला अर्थ शब्दकोशातही सापडायचा नाही." मग त्यांनी मुलांना इरल्यावर कोडे रचायला सांगितले. मागच्या बाकावरून उत्तर आले, "पानांचे अंग, बांबूची हाडे, पावसात पाठीवर, उन्हाळ्यात आढ्याला." वर्गाने टाळ्या वाजवल्या. इरले आता फारसे दिसत नाही. प्लास्टिकच्या कागदाने त्याची जागा घेतली आहे. तरीही त्या दिवशी वर्गातील प्रत्येक मुलाला तो शब्द मिळाला.

रोपांच्या जुडीची पाळी आली, तेव्हा मात्र थोडा घोटाळा झाला. जुडी आणणारा मुलगा म्हणाला, "ही दाढ." त्याबरोबर दोघे-तिघे गालाला हात लावून विव्हळू लागले आणि वर्गात हशा पिकला. मुलगा लाल झाला व खाली बसला. हा क्षण लहान दिसतो, परंतु शब्द शिकवणाऱ्याने सर्वांत अधिक जपावयाचा तो हाच. घरचा शब्द शाळेत हास्यास्पद ठरला, की मूल तो एकच शब्द गिळत नाही, ते बोलणेच गिळून टाकते. मग वर्षभर त्याला कितीही विचारा, ते मान खाली घालून उभे राहते आणि आपण प्रगतिपुस्तकावर 'भाषा कच्ची' असा शेरा मारतो. 

गुरुजींनी हसणाऱ्यांना रागावले नाही. ते म्हणाले, "पुस्तकात याला रोपे म्हटले आहे. कोकणात कोठे दाढ म्हणतात, कोठे आवण म्हणतात. तुमच्या घरी काय म्हणतात?" एकेक हात वर झाला. एकाच वर्गात तीन शब्द निघाले. गुरुजींनी ते तिन्ही फळ्यावर एका ओळीत लिहिले आणि त्या मुलाला म्हणाले, "आता तूच सांग, दाढ कशी तयार होते?" तो मुलगा उठला. उन्हाळ्यात शेताच्या एका तुकड्यावर पालापाचोळा, काटक्या, शेण पसरून ते जाळतात, त्याला राब भाजणे म्हणतात. मग तेथे बी पेरतात. रोपे वीतभर झाली की उपटून जुड्या बांधतात. चिखलणी करून खाचरात लावतात, हे सारे त्याने न अडखळता सांगितले. राब, चिखलणी, खाचर, बांध, बेणणी, मळणी, खळे, उडवी असे कितीतरी शब्द फळ्यावर आले. पाहता पाहता रायगडावरील कोशासारखा एक 'भातवर्ग' तयार झाला होता. 

बोलीतील शब्दांना कमी लेखणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, मोठे शब्दकोश अशाच शब्दांवर उभे राहिले आहेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम १८३१ साली व वाढवून १८५७ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द होते. ते काही केवळ पोथ्यांतून उतरवलेले नव्हते. शेतकरी, सुतार, कोळी यांच्या तोंडचे, देशावरचे आणि कोकणातले शब्द त्यात मानाने बसले आहेत. दीडशेहून अधिक वर्षांनंतर आपण ते तेथे उघडून पाहतो आणि वर्गात तोच शब्द उच्चारणाऱ्या मुलाला मात्र हसतो.

जवळच्या वस्तूंपासून शिक्षणास आरंभ करण्याचा मोठा प्रयोग आपल्याच कोकणपट्टीच्या उत्तर टोकाला झाला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आपले बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि १९५७ मध्ये डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर ते नेले. तेथील वारली मुले शाळेत येत नसत. तेव्हा या दोघींनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळा कुरणात भरवली. तिला कुरणशाळा म्हणत. मॉण्टेसोरीबाईंची शिक्षणपद्धती त्यांना मान्य होती, परंतु तिची महाग साधने परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी बिया, शंख-शिंपले, खडे, पाने यांचीच साधने केली. हाताळता येणारी वस्तू मुलाच्या पुढे आली, की तिच्याविषयी बोलल्यावाचून त्याला राहवत नाही. ज्यांना घराबाहेरची भाषा परकी होती, त्या मुलांची जीभ अशा रीतीने मोकळी झाली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण हा सन्मान मिळाला.

वस्तू दाखवता येते, पण भाववाचक शब्दांचे काय? म्हणी व वाक्प्रचार कसे दाखवावेत? अशा वेळी शब्दांचे गोत्र जमवण्याचा खेळ उपयोगी पडतो. फळ्याच्या मध्यभागी गुरुजींनी 'पाणी' हा एकच शब्द लिहावा आणि मुलांनी एकेकाने येऊन त्याचे नातेवाईक त्याच्याभोवती बसवावेत. पाणवठा, पाणपोई, पाणथळ, पाणलोट, पाणबुडी, पाणचट. थोड्याच वेळात एखाद्या चाणाक्ष मुलीच्या ध्यानात येते की, जोडशब्दात शिरताना पाणी आपला शेवटचा दीर्घ 'ई' दाराबाहेर ठेवतो. हा नियम तिने स्वतः शोधला, म्हणून तिला तो व्याकरणाच्या पुस्तकात पाठ करावा लागत नाही. मग कोणी 'पाणउतारा' आणतो आणि वाद सुरू होतो. अपमानात पाण्याचा काय संबंध? येथे गुरुजींनी घाईने उत्तर देऊ नये. मोत्याचे पाणी, तलवारीचे पाणी असे आपण म्हणतो, एवढेच सुचवावे. पाणी म्हणजे तेज. ते उतरवणे म्हणजे पाणउतारा, इथपर्यंत मुले आपली आपण पोहोचतात. 'पाण्यात पाहणे', 'पाणी जोखणे', 'तोंडचे पाणी पळणे' हे वाक्प्रचार दोघा-दोघांनी मुक्याने अभिनय करून दाखवावेत व इतरांनी ओळखावेत. 

महाडच्या वर्गात 'पाणवठा' हा शब्द फळ्यावर आला, की तो साधा शब्द राहत नाही. या गावातील चवदार तळे सार्वजनिक होते. तरी अस्पृश्य मानलेल्या लोकांना त्याचे पाणी घेऊ देत नसत. १९२३ साली रावबहादुर सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदे मंडळाने सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा आणि शाळाही सर्वांना खुल्या केल्या. पाणवठा आणि शाळा ही दोन नावे त्या एकाच ठरावात होती, हे मुलांना अवश्य सांगावे. ठराव झाला तरी तळे खुले झाले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सहस्रावधी लोकांसह त्या तळ्यावर जाऊन ओंजळीने पाणी घेतले. खटला दहा वर्षे चालला आणि १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला.

त्या परिषदेच्या संयोजकांत रामचंद्र बाबाजी मोरे हे प्रमुख होते. ते महाडजवळच्या दासगावचे. बालपणी त्यांनी शिष्यवृत्ती मिळवली. परंतु अस्पृश्य म्हणून महाडच्या इंग्रजी शाळेत त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. तेव्हा त्या लहान मुलाने वृत्तपत्राला पत्र लिहिले. ते छापून आले आणि शाळेचे दार त्याच्यासाठी उघडावे लागले. त्याच्या हाती पैसा नव्हता, वशिला नव्हता; आपल्यावर झालेला अन्याय नीट मांडता येईल इतके शब्द मात्र होते. 'हक्क', 'तक्रार', 'सार्वजनिक', 'नाकारणे' हे शब्द शिकवताना त्यांचे अर्थ लिहून देण्याऐवजी मुलांना असे एखादे पत्र लिहावयास सांगावे. गावातील हातपंप बंद आहे, शाळेच्या वाटेवरील साकव मोडला आहे, एसटीची गाडी थांबत नाही, अशा विषयांची कोठेच वाण नसते. पत्र लिहिताना जो शब्द अडेल, तो विचारावा किंवा कोशात पाहावा. अडलेला शब्द सापडतो, तेव्हा तो तहान लागल्यावर मिळालेल्या पाण्यासारखा लागतो.

शब्द जवळपास बरोबर असून चालत नाही, तो नेमका असावा लागतो. याची जाणीव या डोंगराळ मुलुखाला फार कठोर रीतीने झाली आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुरात बुडाले आणि त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. ८० हून अधिक माणसे दगावली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही दरडी आल्या. डोंगर सरकण्यापूर्वी पुष्कळदा काही चिन्हे दिसतात. जमिनीला नव्या भेगा पडतात, घराच्या भिंतीला तडे जातात, झाडे व खांब कलतात, नितळ झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते किंवा जेथे झरा नव्हता तेथे पाणी फुटते. ही चिन्हे ज्याने पाहिली, त्याला ती सांगता आली पाहिजेत. "डोंगराला काहीतरी झालंय" एवढ्यावरून तालुक्याच्या कचेरीत बसलेल्या अधिकाऱ्याला काहीच उमगत नाही. "वाडीच्या वरच्या अंगाला हातभर रुंद भेग पडली आहे, ती सकाळपेक्षा वाढली आहे, आणि खालचा झरा गढूळ वाहतो आहे," असे सांगितले, तर त्याला लगेच उठावे लागते.

हे शब्द वर्गात शिकवण्यास घमेलेभर माती पुरते. मातीचा उतार करावा, वर काड्यांची झाडे व खड्यांची घरे मांडावीत आणि तांब्याने हळूहळू पाणी घालावे. दोन मुलांनी पाणी घालावे, बाकीच्यांनी जे दिसेल ते त्याच क्षणी एका वाक्यात सांगावे. आधी माती भिजते, मग फुगते. कडेला बारीक भेग पडते. उताराचा खालचा भाग खचतो, म्हणजे जागच्या जागी खाली बसतो. कडा ढासळते, म्हणजे तिचे तुकडे सुटून पडू लागतात. शेवटी सारा उतार एकदम कोसळतो. खचणे, ढासळणे आणि कोसळणे या तीन क्रियापदांतील भेद ज्याने असा पाहिला, तो ती पुढे एकमेकांच्या जागी वापरणार नाही. नंतर मुलांच्या जोड्या कराव्यात. एकाने वाडीवरचा मुलगा व्हावे, दुसऱ्याने तहसील कचेरीतील कारकून. दोघांनी पाठीला पाठ लावून बसावे, म्हणजे हातवारे दिसणार नाहीत. वाडीवरच्या मुलाने टेलिफोनवरून सांगावे, कारकुनाने ऐकून पाटीवर त्याचे चित्र काढावे. चित्र चुकले, तर शब्द कोठे अपुरा पडला हे दोघांनी मिळून शोधावे. हा खेळ चालतो तेव्हा वर्गात बराच गलका होतो. शेजारच्या वर्गाची क्षमा आधीच मागून ठेवावी!

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. खेळ झाला म्हणजे शिकणे झाले, असे नाही. कित्येक वर्गांत खेळाची धमाल होते, टाळ्या पडतात, आणि आठवड्याने पाहावे तो शब्द पुन्हा परका झालेला असतो. फळ्यावर आलेले शब्द त्याच दिवशी मुलांनी आपल्या वहीत, आपल्या वाक्यात लिहावेत. वाक्य पुस्तकातले नको; आपल्या घरातले, आपल्या वाटेवरचे हवे. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने त्यांची गाठ पुन्हा घालून द्यावी. वर्गात एक मडके ठेवून त्यात शब्दांच्या चिठ्ठ्या टाकण्याची युक्ती चांगली आहे. रोज प्रार्थनेनंतर तीन चिठ्ठ्या काढाव्यात व ज्याच्या हाती जी येईल, त्याने त्या शब्दाचे नवे वाक्य बोलावे. कालचे वाक्य आज चालणार नाही, एवढीच अट. जो शब्द सलग पाच जणांना न अडखळता वापरता येतो, त्याची चिठ्ठी मडक्यातून काढून टाकावी. मुले तिला मोठ्या समारंभाने निरोप देतात.

पाठांतर सर्वस्वी वर्ज्य आहे, असे समजू नये. अर्थ कळलेली कविता पाठ असणे हे मोठे धन आहे, आणि शुद्धलेखनास हात वळवल्यावाचून गत्यंतर नाही. क्रम तेवढा उलटा नको. आधी वस्तू किंवा प्रसंग, मग प्रश्नोत्तर, मग मुलाचे स्वतःचे वाक्य, आणि त्यानंतर कोशातील अर्थ. पोहणे शिकवणारा आधी पुस्तक वाचून दाखवीत नाही. कमरेला दोर बांधून तो मुलाला पाण्यात उतरवतो.

स्वाध्याय

१. घरातील आजी-आजोबांना विचारून शेती, स्वयंपाक किंवा मासेमारी यांपैकी एका कामातील दहा शब्द जमवा. प्रत्येक शब्द कोणी सांगितला व कोणत्या वेळी वापरतात, तेही लिहा.

२. 'दाढ' या शब्दाप्रमाणे दोन निरनिराळे अर्थ असणारे पाच शब्द तुमच्या बोलीतून शोधा आणि दोन्ही अर्थांची वाक्ये करा.

३. 'हात' हा शब्द मध्यभागी लिहून त्याचे गोत्र जमवा. जोडशब्द वेगळे व वाक्प्रचार वेगळे मांडा.

४. भेग, तडा, भगदाड, फट या शब्दांत काय फरक आहे? प्रत्येकाचे एक उदाहरण शाळेच्या आवारात शोधून दाखवा.

५. तुमच्या गावातील एका अडचणीविषयी ग्रामपंचायतीस पंधरा ओळींचे पत्र लिहा. वर्गात वाचून दाखवा. ऐकणाऱ्यांना अडचण नेमकी कोठे आहे हे नकाशावर दाखवता आले नाही, तर पत्र पुन्हा लिहा.